सीडी नसताना विंडोज पुन्हा टाकणे: वाचकांची प्रश्नोत्तरे

‘सीडी नाही, आता विंडोज कसे टाकायचे?’ हा प्रश्न वारंवार येत असल्यामुळे या वेळी फक्त त्याच विषयावरची पत्रे घेतली आहेत.

लॅपटॉपसोबत सीडी मिळालीच नाही. दुकानदाराने फसवले का? (गिरगाव)

नाही. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना सीडी घालायला जागाच नसते.

लॅमिंग्टन रोडवर विंडोज टाकायला नेले, तर नव्या ‘प्रॉडक्ट की’चे (विंडोजच्या परवान्याच्या क्रमांकाचे) वेगळे पैसे सांगितले. द्यावेत का? (परळ)

मजुरी अवश्य द्या. परवान्याचे पैसे मात्र खात्री केल्याशिवाय देऊ नका. विंडोज ८ पासून, कंपनीकडूनच विंडोज घालून आलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती की मदरबोर्डवरच (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवर) नोंदलेली असते. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, अशी मूळचीच आवृत्ती टाकली की इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. मदरबोर्ड बदललेला असल्यास आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. ‘फुकट अ‍ॅक्टिव्हेटर’ टाकून देतो म्हणणाऱ्याच्या हाती तर मशीन देऊच नका; जो प्रोग्रॅम आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, त्याचा हेतू वेगळा सांगायला नको.

सीडीऐवजी पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायचे, तर तो किती जीबीचा लागतो? (भांडुप)

किमान ८ जीबीचा, आणि रिकामा. त्यावरचे सर्व काही पुसले जाते.

लॅपटॉप सुरू करताच निळा पडदा येतो आणि ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागतो. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट केले की सुटेल. आत मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत. (मुलुंड)

फॉरमॅट करू देऊ नका. लॅपटॉप आजच परत आणा.

मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर अनेक लॅपटॉप बिटलॉकरने आपली डिस्क आपणहून कुलूपबंद करतात, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झाले किंवा मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ आकडी किल्ली मागते. ती बहुधा त्याच खात्यात जपलेली असते. दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर खाते उघडून पाहा. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता का, हेही विचारा. पडद्यावरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरे खात्यातल्या किल्लीच्या आयडीशी जुळली पाहिजेत.

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षिका असाच लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. दुकानात दोन दिवस आधीच फॉरमॅट झाले होते. त्यांच्या मुलाचे खाते आम्ही उघडले, तर सहा-सहा आकड्यांचे आठ गट समोर होते. कुलूपबंद डिस्क (एसएसडी) पुसल्यावर त्यातले काहीच परत आणता आले नाही. दुकानदाराने विचारायला हवे होते, पण कुलूप आहे हे बाईंनाही कोणी कधी सांगितले नव्हते. म्हणून मशीन चांगले चालू असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवा. खात्यात ती सापडली नाही, तर काहीही पुसण्याआधी डेटा रिकव्हरीच्या जाणकाराला दाखवा.

विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये ‘माझ्या फाइल ठेवा’ निवडल्यावर बॅकअप कशाला? (विलेपार्ले)

कारण त्यात तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात, आणि अर्ध्यात वीज गेली तर फाइलचीही हमी नाही. आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या आणि त्यातल्या चार फाइल उघडून पाहा. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल, तर रीसेट करू नका. मशीन बंद करून तज्ज्ञाकडे न्या.

जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० च टाकू का? (लालबाग)

त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) आहे का, हे आधी तपासून घ्या. असेल, तर विंडोज ११ चालेल का ते सेवा केंद्रात मॉडेल क्रमांक सांगून विचारा.