इराणमधल्या शिराझहून आणलेला, भटक्या कश्काई जमातीचा गालिचा एका बाजूला रुंद आहे आणि लाल रंग मध्येच बदलतो. दुकानदाराने फसवलं का? परत पाठवू का?

नाही फसवलं. निदान या दोन कारणांसाठी तरी नाही.

दुबईत होतो तेव्हा आम्हीही शिराझच्या वकील बाजारातून असाच एक आणला होता. पुण्यात हॉलमध्ये पसरला, चार पाहुणे कौतुक करत होते. माझ्या मोठ्या दिरांचा फरशा बसवायचा व्यवसाय. भाऊजी चहा ठेवून उठले, गाडीतून टेप आणि काटकोन तपासायचा गुण्या आणला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "इकडे सव्वाचार फूट, तिकडे चार. गंडवलंय तुम्हाला." मग त्यांना लाल रंगातला पट्टाही दिसला. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, तेवढा भाग सोफ्याखाली जाईल."

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता सांगते. कश्काई बायका जमिनीत खुंट्या ठोकून आडवा माग मांडतात. थंडीत मुक्काम आखाताकडच्या उबदार पट्ट्यात, उन्हाळ्यात झाग्रोसच्या डोंगरात. तळ हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धा गालिचा दांड्यांसकट गुंडाळून जनावरावर लादायचा, पुढे जाऊन पुन्हा ताणायचा. ताण तंतोतंत तसाच बसेल कसा? शिवाय ताणाही, म्हणजे मागावरचा लांबीचा धागाही, बहुधा लोकरीचाच, तो सुतासारखा गप्प बसत नाही. रंगाचंही तेच. लोकर थोडी थोडी रंगवतात, दुसरा घाणा पहिल्यासारखा उतरत नाही. त्याला अबरश म्हणतात आणि जाणकार त्यावर खूश असतात. शिराझच्याच फार्स प्रांतातलं हे विणकाम युनेस्कोने २०१० मध्ये वारशाच्या यादीत घेतलं, ते काही गुण्या लावून नाही.

रेषेत हवं असेल तर यंत्राचा घ्या. नाहीतर फरशी आहेच.

हां, एवढं मात्र बघा. वाकडा म्हणजे अस्सलच असं नाही, अबरश मुद्दामही आणतात. मागची बाजू पाहा, नक्षी तिथेही स्वच्छ दिसली पाहिजे. झालर ताण्याचीच हवी, वरून शिवलेली नको. ओला पांढरा रुमाल घासा. लाल उतरला किंवा गालिचा जमिनीवर फुगूनच राहत असला, तर खुशाल परत करा. आणि हो, बरेच कश्काई आता गावांत स्थिरावलेत, त्यामुळे तुमचा तंबूतच विणलाय अशी खात्री मी देणार नाही. किंमत बरोबर होती का, तेही बघितल्याशिवाय नाही सांगता येत.

भाऊजी, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. दर रविवारी जेवण झाल्यावर तुम्ही ज्यावर आडवे होता, तो तोच गालिचा आहे.