नाल्याला लाल खुंट्या ठोकू की पिवळ्या?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी पत्रांमध्ये चक्क गोल्फ निघाला, आणि तोही खान्देशातून, म्हणून सगळी पत्रं एकदमच घेतोय. केळी-कापसाचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: भाऊ नमस्कार. चोपड्याच्या अलीकडे आमचं कृषी पर्यटनाचं काम आहे, हुरडा पार्टी, बैलगाडी वगैरे. पोरगा पुण्यात गोल्फ शिकला, त्याच्या हट्टापायी पडीक जमिनीवर लहान लहान सहा होल केले. मधून नाला जातो, दिवाळीनंतर तो ठणठणीत कोरडा असतो. एका बाजूला शेततळं आहे. पोरगा म्हणतो पिवळ्या खुंट्या ठोका, त्याचा मित्र म्हणतो लाल, आमचा सालदार म्हणतो सरळ फक्की मारून टाका. खुंट्या पाण्याच्या काठाला लावायच्या का? आणि नाला कोरडा असला की काढून ठेवायच्या का?
– एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर: भाऊ, आधी सालदाराला थांबवा. कबड्डीच्या ग्राउंडला फक्की ठीक आहे, पण गोल्फमध्ये पांढरा रंग दुसऱ्या कामाला लागतो, पांढरी खुंटी म्हणजे हद्द संपली, आऊट ऑफ बाउंड्स, आणि दुरुस्तीतली जागाही बऱ्याचदा पांढऱ्या रेघेनेच दाखवतात. नाल्याला पांढरी रेघ मारली तर पाहुण्याला वाटेल नाल्यापलीकडे तुमची जमीनच नाही. पाण्यासाठी रंग दोनच, लाल नाहीतर पिवळा. २०१९ ला नियम बदलले तेव्हापासून वॉटर हझार्डला, म्हणजे पाण्याच्या अडथळ्याला, पेनल्टी एरिया म्हणतात (पेनल्टी म्हणजे हिशोबात वाढणारा शॉट), नाव बदललं तरी लोक जुनंच बोलतात, बोलू द्या.

कोरड्या नाल्याचं म्हणाल तर खुंट्या अजिबात काढू नका. नियमात नदी, तळं, चर, नाला, पाणी वाहायची कुठलीही उघडी वाट पेनल्टी एरियात धरलीय आणि तिच्यात त्या दिवशी पाणी असलंच पाहिजे असं नाही. उलट कोरडं असलं की खेळणाऱ्याची मजाच, नाल्यात उतरून बॉल आहे तिथून पेनल्टीशिवाय मारता येतो. पूर्वी तिथे शॉटच्या आधी क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, जमिनीला टेकवला तर पेनल्टी बसायची, २०१९ पासून टेकवला तरी चालतो, वाळलेला पाला, सुटे दगडगोटे बाजूला केले तरी चालतं, फक्त ते करताना बॉल हलला तर मात्र पेनल्टी.

आता खुंट्या कुठे ठोकायच्या, कारण खरी भांडणं इथेच होतात. पाण्याच्या काठाला नको. पाणी आज इथे, वैशाखात तिथे, श्रावणात तिसरीकडे. जमीन जिथून खाली उतरायला लागते तिथे, म्हणजे नाल्याच्या वरच्या धडीवर ठोका, आणि धडीला घाणेरी नाहीतर बाभळीचं झुडूप असेल तर ते आत घ्या. बाहेर ठेवलं तर बॉल झुडपात अडकेल, नियमाने तो नाल्यात नाही, मग मारताही येत नाही आणि नाल्याचा ड्रॉपही (पेनल्टी घेऊन बॉल बाहेर टाकायची सोय) मिळत नाही, माणूस वैतागतो. दुसरं म्हणजे पेनल्टी घेऊन बॉल टाकताना त्याला उभं राहायला सपाट जागा मिळाली पाहिजे, उतारावर टाकला की बॉल गडगडत परत नाल्यात.

दोन खुंट्यांमधली हद्द सरळ रेषेत धरतात, खुंटीची बाहेरची बाजू जमिनीला जिथे टेकते तिथून. त्यामुळे नाला वळतो तिथे खुंट्या दाट हव्यात, सरळ आहे तिथे एकीजवळ उभं राहिल्यावर पुढची दिसली म्हणजे झालं. तुमची काळी जमीन असेल तर एप्रिल-मेमध्ये भेगा पडून खुंट्या कलतात आणि पावसाळ्यात धडीच ढासळते, म्हणून वर्षातून निदान दोनदा चक्कर मारून परत ठोका. शक्य असेल तर खुंट्यांबरोबर त्याच रंगाची रेघही मारा. दोन्ही असलं की खुंटी फक्त दुरून दाखवायला, हद्द रेघेच्या बाहेरच्या कडेवरून ठरते.

राहिला रंग. पेनल्टी दोन्हीला एकच शॉट, फरक आहे तो बॉल कुठे टाकता येतो याचा. पिवळ्यात दोन रस्ते: जिथून मारला तिथे परत जाऊन मारा, नाहीतर बॉल जिथून आत गेला ती जागा आणि होल यांची सरळ रेषा मागे ओढा आणि त्या रेषेवर पाण्याच्या मागे हवं तितकं लांब जा. लालमध्ये हे दोन्ही आहेतच, वर तिसरा: बॉल जिथून आत गेला तिथून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता टाका. म्हणजे नाला ग्रीनच्या, होलभोवतीच्या बारीक गवताच्या, पुढ्यात आडवा आहे, बॉल पलीकडे पडला आणि घरंगळत मागे नाल्यात आला, तर लाल असेल तर बहुतेक वेळा पलीकडच्याच धडीवर ड्रॉप मिळून जातो, पिवळा असेल तर परत अलीकडून नाला ओलांडायची परीक्षा द्या. म्हणून ओलांडणं हीच त्या होलची गंमत असेल तिथे पिवळा, बाजूने वाहणाऱ्याला लाल. आणि नाल्याच्या मागे लगेच शेजाऱ्याची केळीची बाग लागत असेल तर मागे जायला जागाच नाही, तिथे लालच हवा.

पिवळ्यातले दोन रस्ते एकमेकांत मिसळले की काय होतं ते टायगर वूड्सला विचारा. २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत १५ व्या होलवर त्याचा बॉल ध्वजाच्या काठीला आपटून मागे पाण्यात गेला. तो पहिल्या जागी परत आला पण तिथेच टाकायच्या ऐवजी साधारण दोन यार्ड मागे सरकून टाकला, आणि दोन शॉटची पेनल्टी बसून त्या होलच्या ६ शॉटचे ८ झाले. जगातल्या तेव्हाच्या एक नंबरच्या खेळाडूचं हे होतं तर हुरडा खाऊन हातात क्लब धरलेल्या पाहुण्याकडून काय अपेक्षा ठेवणार. माझं मत विचाराल तर नवशिक्यांच्या सहा होलला सगळीकडे लालच लावा, नियमाला चालतं.

शेततळ्याचं वेगळं सांगतो. प्लास्टिक कागद टाकलेलं असेल तर त्या उतारावरून पाय घसरला की वर येता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे खेळूच द्यायचं नाही. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी लाल खुंट्या लावा आणि त्यांची टोकं हिरवी रंगवा, हिरवं टोक म्हणजे नो प्ले झोन, आतून बॉल मारायला मनाई. कार्डावर आणि पाटीवरही तसं लिहा, कारण नवीन माणसाला नुसतं हिरवं टोक बघून काही कळत नाही. आणि तारेचं कुंपण, टायर बांधलेला दोर हे रंग लावायच्या आधी.

प्रश्न: नाशिकला मेव्हण्याबरोबर खेळताना माझा बॉल लाल रेघेला जेमतेम टेकला होता. मी म्हणालो बाहेर, तो म्हणाला आत. दोन महिने झाले, विषय संपत नाही.
– जळगाव

उत्तर: मेव्हणे बरोबर. रेघ स्वतःच पेनल्टी एरियाच्या आत मोजतात, बॉलचा थोडाही भाग टेकला की आत. तुमच्या डोक्यात हद्दीची पांढरी रेघ असणार, तिथे उलटं, पूर्ण बॉल हद्दीबाहेर गेला तरच बाहेर. फोन करून टाका, दिवाळी जवळ आलीय.

प्रश्न: पावसाळ्यात नाला भरून खुंट्यांच्या बाहेर पाणी पसरलं आणि बॉल त्यात गेला, तर पेनल्टी?
– धुळे

उत्तर: नाही. खुंट्यांच्या बाहेर आलेलं पाणी तात्पुरतं पाणी, तिथे फुकट सुटका, पाण्यातून पूर्ण बाहेर पडायची सगळ्यात जवळची जागा बघा आणि तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. मात्र बॉल सापडलाच नाही तर तो त्याच पाण्यात गेला याची जवळपास खात्री हवी. नुसतं 'तिकडेच गेला असेल' चालत नाही, शोधायला तीनच मिनिटं मिळतात.

प्रश्न: खुंटी मध्ये आली तर उपटू का?
– भुसावळ

उत्तर: लाल-पिवळी सहज निघत असेल तर उपटा, मारा, परत लावा. पांढरीला हात लावू नका.