मांडे करताना खापराचा चटका बसला, भरिताच्या मिरच्यांनी हातही झोंबतायत. घरी काय लावू?

आधी चटक्याचं बघा. बांगड्या-अंगठी लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. मग हात नळाखाली धरा, साध्या पाण्यात, पूर्ण 20 मिनिटं. कंटाळा येतो, पण खरा उपाय हाच. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूपही नको. आमच्याकडे खापरावर हात भाजला की कुणीतरी तुपाची वाटी घेऊन धावतंच, पण तुपाने आतली उष्णता कोंडून राहते. गार झाल्यावर हवं तर कोरफडीचा गर लावा, मात्र पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक आधी निथळू द्या, त्याने खाज सुटते. फोड फोडू नका.

मिरचीचं वेगळं. तिचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, तेलात विरघळतो. गोडंतेल हाताला चोळा, मग भांड्याच्या साबणाने धुवा, दोनतीनदा. भाजलेली जागा मात्र वगळा. तोवर डोळ्यांना हात लावू नका (मी एकदा लावलाय!).

चटका तळहातापेक्षा मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, किंवा लहान मूल भाजलं असेल तर पाणी ओतून थेट डॉक्टरकडे.