शस्त्रसंग्रह : वाचकांचे प्रश्न
(या वेळी अठराव्या शतकाच्या अखेरची बंदूक आणि तलवार)

चिपळूणहून एक वाचक : पोटमाळ्यावर लांब नळीची ठासणीची बंदूक सापडली. चापाच्या पट्टीवर बदामाची खूण आहे. तिचे चार भाग करून प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर कोरले आहे आणि वर चारचा आकडा आहे. ती किती जुनी असेल? साफ कशी करावी?

साफसफाई नंतर. आधी ती भरलेली आहे का ते पाहा. ठासणीच्या बंदुकीत बार भरून ठेवला आणि विसरला, असे पूर्वी सर्रास होई. काळी दारू कोरडी राहिली तर दोनशे वर्षांनीही पेटते.

नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवा. बोटाएवढ्या जाडीची सरळ लाकडी काठी तळाला टेकेपर्यंत अलगद आत सोडा आणि नळीच्या तोंडाशी तिच्यावर पेन्सिलने खूण करा. मग काठी बाहेर काढून, खूण तोंडाशी जुळवून, नळीला बाहेरून लावा. काठीचे टोक कानापर्यंत, म्हणजे मागच्या बारीक भोकापर्यंत आले तर नळी रिकामी. चार-पाच सें.मी. अलीकडेच राहिले तर आत दारू, कागद आणि गोळी आहे असे धरून चाला. फरक याहून कमी असेल तर गंजाचा भुगा असतो, नाहीतर कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर. पण ते घर आहे याची खात्री होईपर्यंत बंदूक भरलेलीच समजायची. ड्रिल, वेल्डिंग, उकळते पाणी, बाहेरून दिलेली आच यांतले काहीही नको. पोलीस ठाण्याला कळवा. बार काढणे बॉम्बशोधक पथकाचे काम आहे.

आता खुणेबद्दल. अक्षरे व्ही, ई, आय, सी असतील तर ती ईस्ट इंडिया कंपनीची मोहोर. १८०८ च्या सुमारास कंपनीने तिच्या जागी मुकुट धरलेला सिंह आणला, म्हणजे तुमची बंदूक त्याआधीची. पट्टीच्या शेपटीकडे कारागिराचे नाव आणि साल कोरलेले असू शकते. तिथला गंज खरवडू नका. विजेरीचा उजेड आडवा पाडून फोटो काढा, पुसट अक्षरेही वाचता येतात.

मग टेप घ्या. नळी ३९ इंच, आतला व्यास सुमारे १९ मि.मी. आणि ठासायचा गज अडकवायच्या नळकांड्या तीन, ही ‘इंडिया पॅटर्न’ची, म्हणजे कंपनीच्या नमुन्याची मापे. ब्रिटिश फौजेची आधीची बंदूक ४२ इंच नळीची होती. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर बंदुका अपुऱ्या पडल्या, तेव्हा लंडनच्या सरकारने कंपनीचा साठा विकत घेतला आणि पुढे तोच नमुना आपला केला. राजाच्या फौजेने कंपनीचा स्वस्त माल उचलला, असा हा उलटा प्रवास आहे.

कागदपत्रांचेही पाहा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुरातन शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ते उडवता येणार नसेल तरच. चालू स्थितीतली चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणारी बंदूक केवळ जुनी म्हणून सुटत नाही. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत, तेव्हा आजोबांच्या नावाचा परवाना घरात आहे का ते शोधा. जिल्हाधिकारी कार्यालयात जाताना फोटो न्या, बंदूक नेऊ नका.

बेळगावहून : परवान्यावरच्या चकमकीच्या बंदुकीचा घोडा मागे ओढला की खाचेत थांबत नाही, निसटून पुढे येतो. उघडून पाहू का?

नळी रिकामी असल्याची खात्री असेल तर पाहा, पण पक्कड बाजूला ठेवूनच. बहुधा आतली खाच झिजलेली असते किंवा तिच्यात बसणाऱ्या अडणीची छोटी स्प्रिंग तुटलेली असते. कधी कधी मात्र जुने तेल डिंकासारखे घट्ट होऊन अडणी पूर्ण खाली बसत नाही, एवढेच असते.

चापाची पट्टी दोन लांब स्क्रूंवर असते, त्यांची डोकी दस्त्याच्या दुसऱ्या बाजूला दिसतील. घोडा अर्ध्या खाचेवर टिकत असेल तर तिथे ठेवा. स्क्रू तीन-चार आटे सैल करा आणि डोक्यांवर लाकडी हातोडीने आळीपाळीने हलके ठोका. पट्टी आपोआप वर येते. कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली की दस्त्याच्या लाकडाचा टवका उडतो. तो टवका संग्राहकाला पहिल्या नजरेत दिसतो आणि भाव तिथेच उतरतो. स्क्रूड्रायव्हरचे पाते खाचेत तंतोतंत बसेल असे घासून घ्या, कारण जुन्या स्क्रूंच्या खाचा आजच्यापेक्षा अरुंद असतात.

पट्टी निघाल्यावर रॉकेलने जुने तेल धुवा, कोरडे पुसा, सांध्यांवर तेलाचा एकेक थेंब द्या. तेवढ्याने भागले नाही तर थांबा. मोठी स्प्रिंग शिकंज्याशिवाय काढायची नाही. ती गरजेपेक्षा दोन-तीन मि.मी. जास्त दाबली गेली तरी मोडते. आणि गार न बसवता घोडा पाडून ‘आवाज’ ऐकायची हौस सोडा. त्या धक्क्याने घोड्याची मान तुटते. १८०९ च्या आधीच्या बाकदार हंसमानेच्या घोड्यांत तर हमखास.

पुण्याहून : विक्रेत्याकडे ‘टॉवर’ (लंडनचे सरकारी शस्त्रागार) असे कोरलेली बंदूक आहे. तो ती १७९० ची, मूळ स्थितीतली म्हणतो. खरे कसे ओळखावे?

कोरीव नाव शेवटी पाहा. नाव कोरणे सर्वांत सोपे असते. आधी कानाभोवतीचे लोखंड बघा. खऱ्या वापरातल्या बंदुकीत रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूच्या जाळाने कानाभोवती आणि रंजकाच्या वाटीलगत खड्डे पडलेले असतात आणि नळीच्या पुढच्या भागात ते कमी होत जातात. आम्लात बुडवून ‘जुनी’ केलेल्या नळीवर खड्डे टोकापासून टोकापर्यंत सारखे असतात, लाकडाखाली झाकलेल्या बाजूलाही. नळी दस्त्यातून उतरवून दाखवायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

दुसरी गडबड अधिक महागात पडते. १८४० च्या आसपास असंख्य चकमकीच्या बंदुका टोपीच्या, म्हणजे गारेऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या केल्या गेल्या. आज त्यांतल्या काही पुन्हा चकमकीच्या करून जास्त भावाने विकतात. कानाच्या जागी वेगळ्या रंगाच्या धातूची गोल बुजवण, चापाच्या पट्टीवर भरलेली भोके, जुनाट पट्टीवर चकचकीत घोडा यांपैकी एकही दिसले तर ती परत फिरवलेली बंदूक. घ्यायला हरकत नाही, पण त्या भावात.

साताऱ्याहून : घराण्यातल्या तलवारीवर दर दसऱ्यानंतर काळे ठिपके वाढतात. पॉलिश करून घ्यावी का?

नको. ठिपके येतात ते खंडेनवमीच्या पूजेतून. ओले हळदकुंकू, पंचामृताचा थेंब, झेंडूच्या पाकळ्यांचा रस, कापलेले लिंबू हे सारे पात्यावर रात्रभर राहते. मग तलवार तशीच म्यानात जाते, ओलावा आत कोंडतो आणि म्यानातले कातडे स्वतःही आम्ल सोडते. पूजा बंद करायची गरज नाही. पात्यावर आधी मेणाचा पातळ हात द्या, गंध-फूल मुठीजवळ रेशमी फडक्यावर वाहा आणि त्याच संध्याकाळी पाते स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करा.

लाल, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो. तो हलक्या खनिज तेलात भिजवून सर्वांत बारीक, चार शून्यांच्या स्टील वुलने पात्याच्या लांबीने काढा. काळपट-तपकिरी, घट्ट बसलेला थर काढायचा नसतो, तोच पात्याचे वय दाखवतो. बफिंगच्या चाकावर तर पाते कधीही देऊ नका. पोलादात जौहर असेल, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, तर ती पाच मिनिटांत जाते. आणखी एक : मूठ पात्याला लाखेने चिकटवलेली असते. मूठ हलते म्हणून गॅसवर धरली की लाख उकळून परजेच्या फटीतून बाहेर येते आणि कोफ्तगिरीवर, म्हणजे मुठीवरच्या सोन्याच्या नक्षीवर डाग पडतो.

पावसाळ्यात पाते म्यानाबाहेर, सुती कापडावर, बंद कपाटात ठेवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील इतके सिलिका जेल आत ठेवा आणि खड्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका.

बडोद्याहून : मूठ आपल्याकडची, गोल कटोरीची, पाते मात्र टोकाकडे रुंद होत जाणारे, एकच रुंद खोबण असलेले. मूठ बदलली असेल का?

मूठ नंतर बसवली असणार, पण ती खोट नाही. तुम्ही वर्णन करता ते पाते ब्रिटिश हलक्या घोडदळाच्या १७९६ च्या नमुन्याचे दिसते, लांबी साधारण ३३ इंच असते. इथल्या स्वारांना ते इतके आवडले की अनेक पात्यांवर आपल्याकडच्या तलवारीची मूठ चढली. पाते मुठीत शिरते तिथे कारागिराचे नाव किंवा तपासणीचा शिक्का सापडतो का पाहा. ‘आंद्रेया फेरारा’ या सोळाव्या शतकातल्या इटालियन कारागिराचे नाव दिसले तर हुरळू नका. ते नाव युरोपात शतकभराहून जास्त काळ कोणीही कोरत असे.

न्यू जर्सीहून : कोल्हापूरच्या घरातली दोन शतके जुनी कट्यार इकडे आणता येईल का?

नाही. पुरावशेष व कलानिधी कायदा १९७२ प्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. ती वारसाहक्काची असली तरी आणि विकायची नसली तरी. सामानात सापडली तर जप्ती आणि खटला दोन्ही. नवी प्रतिकृती न्यायची असेल तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या. संग्रह तिकडेच करायचा असेल तर अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका संघीय कायद्याने पुरातन धरल्या जातात. राज्याचे नियम मात्र वेगळे असतात, खरेदीआधी ते वाचा.