पॅरिसला जाऊन स्मशान बघायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, पुढच्या महिन्यात लेकीकडे पॅरिसला चाललेय. तिने फिरायच्या लिस्टमध्ये पेर लाशेझ नावाची दफनभूमी टाकलीय, म्हणते आई बागच आहे ती. आपल्याकडे स्मशानातून आलं की आधी आंघोळ, आणि ही डबा घेऊन जाऊ म्हणते! त्यात माझे गुडघे दुखतात. जावं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: काकू, बिनधास्त जा. लेक बरोबर बोलतेय, ती जागा मुद्दाम बागेसारखीच आखलीय. त्याआधी पॅरिसमध्ये भर वस्तीत चर्चला लागून पुरायचे, आणि 1780 मध्ये एका जुन्या दफनभूमीच्या खड्ड्याची भिंत फुटून प्रेतं शेजारच्या घराच्या तळघरात आली, विचार करा काय झालं असेल! मग पुरायचं ते शहराबाहेर असं ठरलं आणि 1804 मध्ये एका टेकडीवर ही सुरू झाली, ब्रोंन्यार नावाच्या आर्किटेक्टने झाडं, वळणावळणाच्या वाटा असं सगळं आखलं. पण लोक येईनात, एवढ्या लांब कोण जाणार, पहिल्या वर्षी जेमतेम 13 जणांना पुरलं. मग 1817 मध्ये मोलिएर आणि ला फोंतेन या बड्या लेखकांचे अवशेष तिथे आणून ठेवले, आणि मग काय, सगळ्यांनाच त्यांच्या शेजारी जागा हवी झाली! (फ्लॅट विकणारे आज हेच करतात की.) आता ती 44 हेक्टर आहे आणि शहर तिच्या चारी बाजूंनी वाढलंय.

पियानोचा मोठा संगीतकार शोपँ तिथे आहे, लेखक ऑस्कर वाइल्डच्या थडग्याचे लोक लिपस्टिक लावून इतके मुके घ्यायचे की 2011 मध्ये काच लावावी लागली. पण मी तुमच्या जागी असते तर आधी आपल्या जेआरडी टाटांची कबर शोधली असती. जन्म पॅरिसचा, 1993 मध्ये जिनिव्हात गेले आणि विसावले इथे.

गुडघ्यांसाठी एक करा, मेट्रोने गांबेता स्टेशनला उतरा, ते वरच्या अंगाला आहे, म्हणजे टेकडी चढायची नाही, हळूहळू उतरत यायचं. वाटा दगडी आहेत, चपला नकोत, बूट घाला. तिकीट नाही. डबा मात्र बाहेरच्या बाकावर खा, आत अजूनही दफन होतात, कुणाच्या घरचं दुःख असतं. आणि आंघोळीचं म्हणाल तर एवढं चालून आल्यावर ती तशीही कराल.