फूड लायसन आणि शॉप अ‍ॅक्टचा खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येतो का?

ताई, तुमचा प्रश्न असा: पोळीभाजी केंद्र सुरू करताना फूड लायसनचे २,००० रुपये, एजंटचे ३,५०० आणि शॉप अ‍ॅक्टचे किरकोळ पैसे गेले, वर्षाची उलाढाल पंचवीसेक लाख धरलीय, तर हे पैसे टॅक्समधून वजा होतील का?

मी सीए नाही, पण वीस वर्षं छोट्या दुकानदारांचे जमाखर्च लिहितोय. टॅक्समधून नाही, नफ्यातून वजा होतात. साडेपाच हजार खर्च झाला म्हणून साडेपाच हजार टॅक्स वाचला, असं होत नाही. निव्वळ धंद्यासाठी केलेला आणि भांडवली (म्हणजे यंत्र, जागा अशा टिकाऊ गोष्टींवरचा) नसलेला खर्च १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ३७(१) खाली बसतो. लायसनची वार्षिक फी, नूतनीकरण, एजंटची मजुरी, वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर, सगळं त्यातच. (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, मी जुने देतोय कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.)

पण तुम्ही बहुधा कलम ४४ एडीमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या पद्धतीत, रिटर्न भराल, आणि तिथे ही पावती काही कामाची नाही. त्यात नफा अंदाजानेच धरतात: रोख विक्रीवर किमान ८ टक्के, यूपीआय किंवा बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. भाजी, गॅस, पगार, लायसन, सगळा खर्च त्यात आलाच असं मानलं जातं. निम्मी विक्री रोख आणि निम्मी यूपीआय धरली तर पंचवीस लाखांवर नफा येतो १ लाख ७५ हजार. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत टॅक्सच नाही. म्हणजे ज्या साडेपाच हजारांसाठी झोप उडालीय, त्यांनी एक रुपयाचाही फरक पडणार नाही!

वह्या ठेवून खरा नफा दाखवणार असाल तर मात्र कागद जपा. माझ्याकडे एका खानावळवाल्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेलं 'लायसन ८,०००' आणून दिलं होतं. सरकारी चलन निघालं २,००० चं. उरलेल्या सहा हजारांचं बिल एजंट देईना. मी दोनच हजार लिहिले. ते अजून माझ्यावर रागावलेले आहेत. 'वरचे' पैसे आणि कायदा मोडल्याचा दंड खर्चात धरता येत नाही.

केंद्र उघडण्याआधीचा खर्च पाच वर्षांत विभागून मिळतो, असं कुणी सांगेल. ते कलम ३५ डी. त्याच्या यादीत प्रकल्प अहवाल, बाजार पाहणी, करारनाम्याचं वकिली काम अशा ठरावीक गोष्टी आहेत, लायसन फी नाही. मात्र जागा, शेगड्या, माणसं तयार असतील तर पहिली पोळी विकली जाण्याआधीचा खर्चही चालतो. धंदा उभा राहिला ती तारीख महत्त्वाची, पहिल्या गिऱ्हाईकाची नाही.

परमिट रूमसारखा परवाना कुणाकडून लाखो रुपये मोजून घेतला तर तो खर्च नव्हे, मालमत्ता. त्यावर वर्षाला २५ टक्के घसारा (मालमत्तेची झीज म्हणून नफ्यातून वजा होणारी रक्कम) मिळतो. तुमचं तसलं काही नाही. चलन, एजंटचं बिल आणि भाडेकरार एका फाइलला लावून ठेवा, बँक कर्जाच्या वेळी तेच आधी मागते.