नर्सची बढती: ज्येष्ठता महत्त्वाची, तसा अहवालही

प्रश्न: मुलगी यवतमाळला जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. सरकारी दवाखान्यात लागली तर चांगल्या कामावर बढती मिळते, की सगळं ज्येष्ठतेवरच चालतं? – एक पालक, पांढरकवडा परिसर

भाऊ, दोन्ही लागतं. ज्येष्ठतेने रांगेतला नंबर ठरतो आणि नंबर आल्यावर बढती द्यायची की नाही, हे कार्यमूल्यमापन अहवाल पाहून ठरतं. ज्याला जुने लोक अजून 'सीआर' म्हणतात, तोच हा अहवाल. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढण आहे. वरच्या जागा थोड्या, त्यामुळे पहिल्या बढतीलाच बरीच वर्षं जातात.

नंबर मात्र भरतीतच लागतो. एकाच भरतीतल्यांची ज्येष्ठता निवड यादीतल्या गुणक्रमाने धरतात. मुदतीत रुजू झालं की कोण चार दिवस आधी हजर झालं, याला किंमत नाही. म्हणून परीक्षेत नुसतं निवडीपुरतं समाधान नको. अर्जात आरोग्य विभागाचं मंडळ, म्हणजे काही जिल्ह्यांचा गट, तेही विचार करून भरा. यवतमाळ अकोला मंडळात आहे, चंद्रपूर-गडचिरोली नागपूर मंडळात. पुढे लग्नानंतर स्वतःच्या विनंतीवर मंडळ बदललं, तर नव्या ठिकाणी सहसा यादीच्या तळाला जावं लागतं. एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानातली) कंत्राटी वर्षं या ज्येष्ठतेत येत नाहीत.

आता अहवाल. वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. पदोन्नती समितीसमोर मागच्या काही वर्षांचे अहवाल जातात आणि आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक वर्षात दोनदा बदलतात, प्रभारी येतो, जातो. ज्याच्या हाताखाली किमान तीन महिने काम केलं, त्यानेच अहवाल लिहायचा असतो. तो बदलून गेला की त्या वर्षाचा कागद कोरा राहतो आणि समितीत प्रकरण अडकतं. त्यामुळे साहेबांची बदली निघाली, की कार्यमुक्त होण्याआधीच अहवाल लिहून मागायचा.

अहवालात आपण स्वतः भरायच्या, केलेल्या कामाच्या रकान्यात 'नेमून दिलेली कामे प्रामाणिकपणे केली' असं मोघम लिहू नये. प्रसूतिगृहात किती महिने, किती प्रसूती हाताळल्या, कोणती प्रशिक्षणं झाली, 'कायाकल्प' या सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छता योजनेच्या तपासणीत कोणता वॉर्ड सांभाळला, हे आकड्यानिशी लिहावं. त्यासाठी महिन्याच्या शेवटी वॉर्ड रजिस्टरवरून आकडे वहीत उतरवून ठेवायचे. मार्चमध्ये आठवत बसलं तर निम्मं सुटतं. अहवालातला साहेबांचा शेरा कर्मचाऱ्याला लेखी कळवला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देवदत्त प्रकरणात स्पष्ट केलं आहे. प्रत मागण्यात संकोच नको. शेरा पटला नाही तर दिलेल्या मुदतीत लेखी निवेदन द्यावं. तोंडी गाऱ्हाण्याची नोंद कुठेच राहत नाही.

सेवापुस्तक वर्षातून एकदा पाहावं. प्रशिक्षण, संगणक परीक्षा, जात वैधता या नोंदी नसल्या, तर यादीत नाव असूनही फाइल परत येते. 1 जानेवारीच्या स्थितीची ज्येष्ठता यादी निघते, तिच्यावर हरकतही वेळेतच घ्यावी लागते.

जागाच नसेल तर आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळू शकते. पात्रता आणि अहवाल तिथेही पाहतात. मेळघाट किंवा गडचिरोलीसारख्या भागात एकस्तर योजनेतून वरच्या पदाचा पगार मिळतो, पण तिथे काम करत असेपर्यंतच. ती बढती समजू नका.

पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं नोकरी लागण्याआधी जमत असतील तर आधीच करून घ्या. नोकरीत असताना करायची तर कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी, नाहीतर पदवीची नोंद करून घेतानाच अडचण येते.